तारेवरचा पांढरा थर

दर्यापूरकडच्या एका गावात माझी ताई राहते. तिच्या मुलीच्या दातांच्या क्लिपा मागच्या वर्षी अमरावतीला काढल्या आणि खालच्या सहा दातांना मागच्या बाजूने एक बारीक तार चिकटवून दिली. हा रिटेनर. सरकवलेल्या दातांभोवती हिरडीतले धागे नव्या जागी रुळायला कित्येक महिने घेतात, तोवर दात जुन्या जागेकडे ओढ घेतात. म्हणून ही वेसण. दिवाळीत गेलो तेव्हा तारेखाली पिवळट-पांढरा, दगडासारखा थर दिसला. ताईचा निवाडा तयारच होता : "पानीच तसं हाय न आपल्याकडचं. गुंडाले खार धरते, त दाताले नाही धरनार का?" (गुंड म्हणजे पाणी भरायचं भांडं.) मुलीसाठी तिने पाण्याची कॅनसुद्धा लावली होती.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट असलेल्या या भागात, हा संशय यावा यात नवल नाही. पण पाणी तर सगळ्याच दातांना लागतं, मग थर एकाच ठिकाणी का? शिवाय खारपाण कधी न पाहिलेल्या माणसालाही हे किटण, म्हणजे टार्टर, धरतं ते नेमक्या दोन जागी सगळ्यात जास्त : खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. या दोन्ही जागांसमोर लाळेच्या नळ्यांची तोंडं आहेत. जिभेखाली उघडणाऱ्या नळीचं वर्णन थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने १६५६ मध्ये केलं होतं. रिटेनरची तार तिच्या अगदी शेजारी बसते.

आता माझा आवडता भाग. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं, की खरं तर ते तळाशी बसायला हवं. बसत नाही, कारण स्टॅथरिनसारखी प्रथिनं स्फटिकांना वाढूच देत नाहीत. ही श्रीमंती कामाची असते. आम्लाने झिजलेल्या दाताच्या कवचाची डागडुजी यातूनच होते. ग्रंथीतून येणाऱ्या लाळेत कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तोंडात मोकळी हवा मिळाली की सोड्याची बाटली उघडल्यासारखा तो निसटतो. तो गेला की लाळेचा पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा, चढतो (आकडा जितका मोठा तितकं आम्ल कमी), आणि पीएच चढला की कॅल्शियम फॉस्फेटला विरघळलेलं राहणं जड जातं. पाणी तापवताना भांड्यात क्षार बसतो तोही हाच वायू निसटल्यामुळे, फक्त तिथे कॅल्शियम कार्बोनेट बसतं. म्हणजे ताईचं रसायनशास्त्र अर्धं बरोबर होतं. खार धरतो खरा, पण तो गुंडातल्या पाण्याचा नव्हे, पोरीच्या स्वतःच्या लाळेचा.

तरी नुसती लाळ गुळगुळीत दातावर दगड करू शकत नाही. स्फटिकाला बसायला जागा लागते, ती देतो जिवाणूंचा चिकट थर, प्लाक. त्यातले काही जिवाणू लाळेतल्या युरियापासून अमोनिया करतात, पीएच आणखी चढतो. काही त्या राखणदार प्रथिनांनाच खाऊन टाकतात. मग स्फटिक आधी जिवाणूंच्या मधल्या चिकट पदार्थात आणि पुढे मेलेल्या जिवाणूंच्या आतही भरतात. काही दिवसांत मऊ थराचा दगड होतो आणि मग ब्रश हरतो. त्याच्या खडबडीत पाठीवर नवा प्लाक बसतो, आणि घरात कोणी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खात असेल तर त्याचा रंगही याच दगडावर पक्का चढतो.

तेव्हा मऊ आहे तोवरच तो काढायचा. ब्रश उभा धरून त्याचं टोक दातांच्या मागे, हिरडीच्या कडेला फिरवायचं. तारेखालून धागा ओवायला प्लास्टिकचं लवचीक ओवणं मिळतं. दाताच्या फटीतला बारीक ब्रशही चालतो. ताई सेफ्टीपिनने खरवडत होती, ते आधी बंद करा. दगड झालाच तर डॉक्टरांकडून स्केलिंग, म्हणजे किटण खरवडून काढणं. त्याने दात ढिले होत नाहीत. किटणाने भरलेल्या फटी मोकळ्या दिसतात, इतकंच. काढता येणारा रिटेनर असेल तर तो थंड पाण्यात, मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने धुवायचा. उकळत्या पाण्यात वाकतो, टूथपेस्टने ओरखडतो, आणि ओरखड्यात पुन्हा जिवाणू.

मोबाइलवर लिंबू आणि खाण्याच्या सोड्याने 'टार्टर गायब' करणारे व्हिडिओ फिरतात. फेस येतो तो त्याच कार्बन डायऑक्साइडचा, बघायला छान. पण लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, आणि दाताचं कवच साधारण ५.५ च्या खालीच विरघळू लागतं. टार्टर आणि दात दोन्ही कॅल्शियम फॉस्फेटचेच. लिंबाला त्यातला फरक कळत नाही.

भाचीचं स्केलिंग झालं. पाण्याची कॅन मात्र ताईने बंद केली नाही. तिचा चहा गोड लागतो म्हणते.