पोट चोळल्यानं पायाळू बाळ फिरतं का?

"सातव्या महिन्यात बाळ पायाळू दिसलं, की जाणत्या बाईकडून तेलानं पोट चोळून घ्या, डोकं खाली येतं." विदर्भातल्या गावखेड्यांत आजीकडून आलेला हा सल्ला आता मोबाइलवरही फिरतो.

तो खोटा वाटत नाही, कारण चोळल्यावर बाळ खरंच फिरलेलं दिसतं. पण हिशेब बघा. २८व्या आठवड्याच्या सुमारास शंभरातली २०-२५ बाळं पायाळू असतात. दिवस भरेपर्यंत ३-४ च उरतात. बाकीची आपसूक फिरतात. चोळलं काय, न चोळलं काय, बहुतेकींना गुण येणारच. श्रेय मात्र तेलाला! गावात ज्यांनी चोळून घेतलं नाही, त्यांनाही विचारून पाहा.

जोरात दाबलं तर वार (बाळाला पोसणारी प्लॅसेंटा) गर्भाशयापासून सुटून रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून हा प्रयोग घरी नको. डॉक्टरही हातानं बाळ फिरवतात, पण ३६-३७ आठवड्यांनंतर, सोनोग्राफी करून, बाळाचे ठोके बघत, सिझरची सोय जवळ ठेवून. तरी साधारण निम्म्याच वेळी जमतं.

गुडघ्यांवर ओणवं राहण्यानं बाळ फिरतं, याला भक्कम पुरावा नाही. करायचंच तर डॉक्टरांना विचारून.

सातव्या महिन्याच्या रिपोर्टवर घाबरू नका, ३६व्या आठवड्यात पुन्हा तपासा. तेव्हाही पायाळूच असेल, तर ऑपरेशनची सोय असलेला दवाखाना आणि गाडी आशाताईंशी बोलून आधीच ठरवा. पावसाळ्यात नाल्याला पूर येतो, हेही धरून.