पार्श्वभूमी : बदलतं हवामान, हलती चित्रं आणि समोर बसलेले वादक

पडद्यावर हवामान बदलाचं अ‍ॅनिमेशन आणि शेजारी बसून साथ करणारे वादक, असा प्रयोग म्हटला की तो परदेशातून आलेला असणार, असं आपण धरून चालतो. आकडेवारीपुरतं ते बरंचसं खरं आहे. मांडणीपुरतं मुळीच नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र समोर धरत आणि वीणा, हुडूक (हातात धरायचं छोटं चर्मवाद्य), टाळ यांच्या साथीवर कथा गात. १८९०च्या दशकात कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी काचेवर रंगवलेल्या चित्रांची ‘शांबरिक खरोलिका’ गावोगाव नेली. पात्रं पडद्यावर हालत, निवेदन आणि गाणं तिथल्या तिथे होई. पुण्यात मंडईजवळ ‘आर्यन’ हे चित्रपटगृह सुरू झालं ते १९१५ साली, म्हणजे मूकपटांच्या काळात. तेव्हा थिएटरांत पेटी-तबलेवाले पडद्यापाशी बसून समोरच्या प्रसंगाबरहुकूम वाजवत.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती दादासाहेब फाळक्यांची कुंडी. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं करायचं होतं. त्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मात्र कोंब फुटला आणि बघता बघता वेल झाला. डोळ्यांना जाणवू नये इतक्या संथ गतीने होणारा बदल दिसेल इतका आवळून दाखवायचा, हीच हवामान बदलाच्या प्रत्येक अ‍ॅनिमेशनची युक्ती असते.

ब्रिटनमधले हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१६ मध्ये पृथ्वीच्या तापमानाचा हलता सर्पिल आलेख केला. दरमहाचं तापमान गोल फिरत जातं आणि वर्षागणिक वर्तुळ बाहेर सरकतं. त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात तो जगाने पाहिला. त्याआधी २०१३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या डॅनियल क्रॉफर्ड या विद्यार्थ्याने १८८० पासूनचं जागतिक तापमान चेलोवर, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातल्या मोठ्या वाद्यावर, वाजवलं होतं. एका वर्षाला एक सूर, वर्ष जितकं उष्ण तितका सूर वरचा. शेवटाकडे तो चेलो असा काही चढत जातो की अस्वस्थ व्हायला होतं.

पुण्याकडे यातलं सगळं सामान फार आधीपासून आहे. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथे आलं. शिवाजीनगरची ती इमारत आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते. १९६२ मध्ये उष्णकटिबंधीय हवामानाच्या अभ्यासाची संस्था सुरू झाली, ती आज पाषाणला आहे. ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली आणि पुढच्याच वर्षी तिने ‘जंबू काका’ हा व्यंगचित्रपट काढला. त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि १९६४ पासून चित्रपट संग्रहालयही पुण्यातच आहे. इतकं हाताशी असताना आपल्या प्रयोगांत वितळत्या हिमखंडावरचं अस्वलच का यावं, हे मला खरोखर उमगत नाही.

आपल्याकडचा बदल मुख्यतः पावसाचा आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या हवामान बदल अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात नैऋत्य मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ही घट पश्चिम घाटातही ठळक आहे. दुसरीकडे पाषाणच्या संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० पासून मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस कमी, पण कोसळतो तेव्हा एकदम. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याकाठच्या लोकांनी असं कोसळणं सोसलं आहे.

हे चेलोच्या पद्धतीने, चढत्या सुरांत सांगता येणार नाही. शिवाय आकड्यामागे एकेक श्रुती लावत गेलो तर रागच मोडतो. हे काम तालाचं आहे. आवर्तन तेवढंच, पण मधल्या मात्रा कोरड्या आणि शेवटी सगळे बोल एकावर एक. तबलजीला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्याला फक्त रोजच्या पावसाचे आकडे हवेत, आणि १९०१ पासूनचे देशभरातल्या दैनंदिन पावसाचे आकडे हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाकडून मिळतात.