बालहत्येसाठी मृत्युदंड : ब्रिटनमधील प्रस्ताव

लहान मुलाचा खून करणाऱ्यास इतर खुन्यांपासून वेगळे काढून त्याच्यापुरती फाशीची शिक्षा ठेवावी किंवा पुन्हा आणावी, अशी मागणी ब्रिटनमध्ये १९६५ नंतर वेळोवेळी होत आली आहे. तिचे सर्वांत परिचित रूप म्हणजे ऑगस्ट २०११ मध्ये सरकारी संकेतस्थळावर दाखल झालेली ई-याचिका. मुलांच्या आणि कर्तव्यावर असलेल्या पोलिसांच्या खुनासाठी मृत्युदंड परत आणावा, असे तीत म्हटले होते. लोकांच्या बोलण्यात हिचा उल्लेख ‘प्रस्तावित कायदा’ असा होतो. काटेकोरपणे पाहता ते विधेयक नव्हते. विधेयकाच्या दिशेने पावले कोणती टाकावी लागतील हे सरकारने मांडावे, एवढीच त्यातील मागणी होती.

उगम : बालकाच्या खुनासाठी स्वतंत्र फाशीची कल्पना विसाव्या शतकातली नाही. इंग्लंडच्या संसदेने पहिल्या जेम्स राजाच्या काळात केलेला अनौरस अर्भकांच्या हत्येविषयीचा कायदा हा तिचा सर्वांत जुना ठळक दाखला मानला जातो. त्याचे वर्ष काही ग्रंथांत १६२३ तर काहींत १६२४ दिले जाते. राजाच्या कारकिर्दीच्या एकविसाव्या वर्षाच्या हिशेबाने तो जुन्या सूचीत १६२३ खाली जातो. प्रत्यक्ष अधिवेशन मात्र १६२४ च्या फेब्रुवारी ते मे या काळात भरले, म्हणून १६२४ हेच वर्ष ग्राह्य धरणे बरे. या कायद्यानुसार अविवाहित स्त्रीने अर्भकाचा मृत्यू लपवला, तर मूल मृतच जन्मले हे निदान एका साक्षीदाराकरवी तिला सिद्ध करावे लागे. ते न जमल्यास शिक्षा खुनाचीच, म्हणजे फाशी. पुराव्याचा भार आरोपीवर टाकणारी ही तरतूद इंग्रजी फौजदारी कायद्यात अपवादात्मक होती आणि ब्लॅकस्टोनसारख्या भाष्यकारालाही ती कठोर वाटली होती.

कायद्याचा हेतू काय होता याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एका मतानुसार तो अर्भकांच्या रक्षणासाठी होता. दुसऱ्या मतानुसार अनौरस मुलांच्या पोषणाचा खर्च गावावर पडतो या तक्रारीतून आणि लैंगिक नीतीच्या धाकासाठी तो झाला. विवाहित स्त्रीने हेच कृत्य केल्यास तो लागू होत नव्हता, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक पटण्यासारखे आहे. अठराव्या शतकात ज्यूरींनी त्याला वळसा घालण्याची युक्ती शोधली. आरोपी स्त्रीने बाळासाठी आधीच दुपटी, कपडे शिवून ठेवले असल्याचे दाखवले, की मूल वाढवण्याचा तिचा हेतू होता असे मानून तिला सोडले जाई. १८०३ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि जन्म लपवण्याच्या गुन्ह्यास कमाल दोन वर्षे कैद ठरली.

पुढचा प्रवाह उलट दिशेने गेला. पोटच्या अर्भकाला मारणाऱ्या आईला एकोणिसाव्या शतकातही फाशीची शिक्षा सुनावली जाई, पण शतकाच्या मध्यानंतर ती अमलात आणली जात नसे. गृहमंत्री दयेचा अधिकार वापरत आणि न्यायाधीशाने शिक्षा वाचून दाखवणे हा केवळ उपचार उरला. १९२२ च्या अर्भकवध कायद्याने नुकत्याच जन्मलेल्या मुलाला मारणाऱ्या, प्रसूतीमुळे मानसिक तोल ढळलेल्या आईचा गुन्हा खुनाच्या खालच्या पायरीवर आणला. १९३८ मध्ये मुलाच्या वयाची मर्यादा बारा महिन्यांपर्यंत वाढवली गेली. (हा कायदा इंग्लंड व वेल्सपुरता आहे, स्कॉटलंडची पद्धत निराळी.) पैसे घेऊन अर्भके सांभाळायला घेणाऱ्या आणि त्यांना मारून टाकणाऱ्या व्यावसायिक दायांना मात्र ही सवलत नव्हती, अमेलिया डायर हिला १८९६ मध्ये फाशी झाली. म्हणजे मुलांच्या खुनाचा एक मोठा वर्ग, आईच्या हातून होणारा, कायद्याने १९२२ मध्येच फाशीच्या कक्षेबाहेर काढला होता. १९६५ नंतरच्या मागणीत ‘मुलांचा खून’ म्हणताना हा वर्ग बहुधा कोणाच्याच डोळ्यांसमोर नसतो.

१९५७ चा मनुष्यवध कायदा : मूळ प्रश्न असा की, खुनांचे प्रकार पाडून त्यांतील काहींनाच फाशी ठेवता येते का. सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्या अध्यक्षतेखालील राजआयोगाने (१९४९–५३) यावर प्रदीर्घ विचार केला आणि खुनाच्या प्रती लावण्याचा प्रयत्न मृगजळामागे धावण्यासारखा आहे, असा निष्कर्ष काढला. मृत्युदंड ठेवावा की काढावा, हा प्रश्न आयोगाच्या कार्यकक्षेतच नव्हता, त्यामुळे त्याचा अहवाल दोन्ही बाजूंनी वापरला गेला. सिडनी सिल्व्हरमन यांचे फाशी रद्द करणारे विधेयक १९५६ मध्ये हाऊस ऑफ कॉमन्समध्ये संमत झाले, पण लॉर्ड्सनी फेटाळले. त्यावर तोड म्हणून सरकारने नेमका तोच मार्ग धरला जो आयोगाने निरुपयोगी ठरवला होता.

मार्च १९५७ च्या कायद्यातील पाचव्या कलमाने फाशीयोग्य खून असे ठरवले : चोरीच्या ओघात केलेला, गोळी झाडून वा स्फोट घडवून केलेला, अटक टाळताना वा कैदेतून पळताना केलेला, कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसाचा, आणि कैद्याने केलेला तुरुंग अधिकाऱ्याचा. सहाव्या कलमाने वेगवेगळ्या प्रसंगी दोन खून करणाऱ्यालाही फाशी ठेवली. या यादीत लहान मुलाचा खून नाही. विषप्रयोगही नाही. निवड नैतिक घृणास्पदतेवर केलेली नव्हती. सुव्यवस्थेला धोका पोहोचवणारे आणि शिक्षेच्या धाकाने आवरता येतील असे खून कोणते, हा तिचा निकष होता. मुलावर अत्याचार करून त्याला मारणारा माणूस असा हिशेब करून वागत नाही, असे गृहीतक त्यामागे दिसते. परिणाम विचित्र झाला. मुलाच्या खिशातले पैसे काढून घेताना त्याला मारले तर फाशी, अत्याचारानंतर गळा दाबून मारले तर जन्मठेप. या विसंगतीवर फाशीचे समर्थक आणि विरोधक दोघांनीही टीका केली. समर्थकांचा निष्कर्ष ‘यादी वाढवा’ असा होता, विरोधकांचा ‘यादीच नको’ असा. अखेरीस दुसरा टिकला.

एव्हान्स प्रकरण : टिमथी एव्हान्स याला ९ मार्च १९५० रोजी लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात फाशी झाली. पत्नी आणि मुलगी अशा दोन खुनांचा त्याच्यावर आरोप होता, परंतु एका वेळी एकाच खुनाचा खटला चालवण्याच्या तत्कालीन प्रथेमुळे त्याला दोषी ठरवले गेले ते जेमतेम वर्षाच्या मुलीच्या खुनासाठी. सरकार पक्षाचा प्रमुख साक्षीदार त्याच घरात राहणारा जॉन ख्रिस्ती होता. १९५३ मध्ये त्याच घरात आणखी स्त्रियांची प्रेते सापडली. ख्रिस्तीने एव्हान्सच्या पत्नीच्या खुनाचीही कबुली दिली आणि जुलै १९५३ मध्ये तो फासावर गेला. त्याच वर्षीच्या स्कॉट हेंडरसन चौकशीने तरीही एव्हान्सच दोषी असल्याचे म्हटले. न्यायमूर्ती ब्रेबिन यांच्या १९६६ च्या अहवालाने अजबच विभागणी केली : एव्हान्सने पत्नीला मारले असण्याची शक्यता अधिक, मुलीला मारले नसण्याची शक्यता अधिक. खटला मुलीच्या खुनाचा असल्याने ऑक्टोबर १९६६ मध्ये त्याला मरणोत्तर माफी मिळाली. ब्रेबिन यांची विभागणी आज फारसे कोणी मानत नाही. २००४ मध्ये उच्च न्यायालयानेही दोन्ही खून एव्हान्सने केलेले नव्हते हे मान्य केले, मात्र प्रकरण अपील न्यायालयाकडे पाठवण्यास नकार दिला. विसाव्या शतकातील इंग्लंडमधल्या फाशीविरोधी चळवळीचे हे सर्वांत वजनदार उदाहरण ठरले आणि ते नेमके बालहत्येचे होते, याकडे नंतरच्या चर्चेत दुर्लक्ष होते. स्टीफन किस्को याला १९७६ मध्ये अकरा वर्षांच्या मुलीच्या खुनासाठी जन्मठेप झाली. वैद्यकीय पुराव्यावरून तो खुनी असणे अशक्य होते हे १९९२ मध्ये मान्य झाले आणि २००७ मध्ये खरा गुन्हेगार दोषी ठरला. जन्मठेपेमुळे किस्को जिवंत सुटू शकला, हा युक्तिवाद पुढे वारंवार केला गेला.

१९६५ आणि मूर्स खून : खुनासाठीची फाशी स्थगित करणारा कायदा ८ नोव्हेंबर १९६५ रोजी संमत झाला आणि दुसऱ्या दिवसापासून अमलात आला. मँचेस्टरजवळील माळरानावर मुलांची प्रेते पुरणारे इयन ब्रॅडी आणि मायरा हिंडली त्याआधी महिनाभर, ऑक्टोबरमध्ये, पकडले गेले होते. त्यामुळे ‘काही आठवड्यांनी त्यांची फाशी हुकली’ असे सर्रास लिहिले जाते. ही मांडणी ढोबळ आहे. खून कधी केला याला नव्या कायद्यात महत्त्व नव्हते. त्याने खुनासाठी कोणालाही मृत्युदंड होणार नाही असे ठरवले. हा खटला एप्रिल १९६६ मध्ये चेस्टर येथे सुरू झाला आणि कितीही घाई केली असती तरी तो नोव्हेंबरपूर्वी संपला नसता. याहून महत्त्वाचे असे की, १९५७ चा कायदा चालू राहिला असता तरी त्यांना फाशी देण्यासाठी ‘बालहत्या’ असा वेगळा वर्ग लागला नसता. ब्रॅडी तीन खुनांसाठी आणि हिंडली दोन खुनांसाठी दोषी ठरली. वेगवेगळ्या प्रसंगी केलेल्या खुनांचे सहावे कलम दोघांनाही लागू पडले असते. तरीही लोकमतात बालहत्या आणि फाशी यांची सांगड याच प्रकरणाने घातली.

स्थगिती जुलै १९७० पर्यंतच होती. डिसेंबर १९६९ मध्ये गृहमंत्री जेम्स कॅलहॅन यांच्या काळात दोन्ही सभागृहांनी ती कायम केली. उत्तर आयर्लंडमध्ये खुनासाठीची फाशी १९७३ मध्ये रद्द झाली. फाशी परत आणण्याचे प्रस्ताव १९७९ पासून १९९४ पर्यंत अनेकदा मतास टाकले गेले. १९८३ मध्ये प्रवर्गवार मतदान झाले. दहशतवाद, पोलीस, तुरुंग अधिकारी, गोळीबार व स्फोट, चोरी हे त्यांतील विषय, म्हणजे बव्हंशी १९५७ चीच यादी. फेब्रुवारी १९९४ मध्ये सर्वसाधारण प्रस्ताव ४०३ विरुद्ध १५९, तर पोलिसांच्या खुनापुरता प्रस्ताव ३८३ विरुद्ध १८६ मतांनी पडला.

२०११ ची याचिका : एक लाख सह्या झाल्यास संसदेत चर्चेचा विचार होईल, अशी योजना सरकारने ऑगस्ट २०११ मध्ये सुरू केली. राजकीय लेखक पॉल स्टेन्स यांनी लगेच ही याचिका दाखल केली. मृत्युदंडाच्या आड येणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारांचा आढावा घ्यावा आणि मग न्याय मंत्रालयाने कायद्याचे टप्पे आखावेत, अशी तिची रचना होती. करारांचा उल्लेख पहिल्याच वाक्यात येतो तो योग्यच. मानवी हक्कांच्या युरोपीय कराराचा तेरावा प्रोटोकॉल ब्रिटनने २००३ मध्ये स्वीकारला असून त्यानुसार युद्धकाळातही मृत्युदंड वर्ज्य आहे. ‘मूल’ म्हणजे किती वर्षांपर्यंत आणि आईचा गुन्हा यात येतो का, हे याचिकेने सांगितले नाही. बंदी कायम ठेवावी अशी प्रतियाचिका काही दिवसांतच पुढे गेली आणि पुढेच राहिली. दोन्ही लाखाच्या आकड्यापासून बऱ्याच दूर थांबल्या.

पर्यायी शिक्षा : ही मागणी कायद्यात शिरली ती फाशीच्या रूपाने नव्हे. २००३ च्या फौजदारी न्याय कायद्याच्या एकविसाव्या परिशिष्टाने, अपहरण किंवा लैंगिक वा क्रूर हेतूने केलेल्या बालहत्येसाठी सुटकेची मुदतच नसलेली जन्मठेप ही आरंभीची शिक्षा ठरवली. २०१५ मध्ये तीत कर्तव्यावरील पोलिसांचा खून आणि २०२२ मध्ये पूर्वनियोजित बालहत्या जोडली गेली. याचिकेतील दोन्ही वर्ग अशा रीतीने वेगवेगळ्या वर्षी यादीत आले. येथे ‘मूल’ म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती, त्यामुळे टोळीच्या भांडणात भोसकला गेलेला सतरा वर्षांचा मुलगाही त्यात मोडतो. जुलै २०२४ मध्ये साउथपोर्ट येथे तीन मुलींचा खून करणारा स्वतः सतरा वर्षांचा होता. वयामुळे त्याला ही शिक्षा देता आली नाही आणि जानेवारी २०२५ मध्ये किमान बावन्न वर्षांची मुदत ठरली. त्यानंतर फाशीची मागणी पुन्हा झाली, पण गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांखालील असलेल्यास फाशी न देण्याचा नियम इंग्लंडमध्ये १९४८ पासूनच होता.

भारत : कंपनी सरकारने बंगालमध्ये १७९५ च्या विनियमाने मुलींच्या अर्भकहत्येला खून ठरवले. बनारसमध्ये या प्रथेकडे लक्ष वेधणारा जोनाथन डंकन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याच्या काळात काठियावाडातील जाडेजांकडून करार लिहून घेतले गेले. महाराष्ट्रात हा प्रश्न विधवांच्या संदर्भात आला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ च्या सुमारास पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८१ मध्ये सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येसाठी फाशी सुनावली, ती पुढे कमी झाली. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) या प्रकरणावरील वर्तमानपत्री चर्चेतून लिहिली गेली.

आजच्या भारतीय कायद्यात बालकाचा खून हा शिक्षेसाठी वेगळा प्रवर्ग नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ वय पाहत नाही. मच्छीसिंग खटल्यात (१९८३) सर्वोच्च न्यायालयाने ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ठरवण्याच्या पाच कसोट्यांपैकी एकीत निष्पाप बालकाचा बळी गणला. अनेक मुलांच्या अपहरण-खुनांसाठी कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये दोन बहिणींना दिलेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली होती. दयेच्या अर्जाच्या निकालास झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. २०१८ व २०१९ च्या दुरुस्त्यांनी अनुक्रमे बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्कारासाठी आणि बालकांवरील गंभीर लैंगिक अत्याचारासाठी मृत्युदंडाची मुभा दिली, म्हणजे भारतात वेगळा प्रवर्ग झाला तो बालहत्येचा नव्हे, अत्याचाराचा.