शेजारचा कॉम्प्युटर दिसत नाही, म्हणजे नेमकं काय?

दोन कॉम्प्युटर, एकच राउटर. दोन्हींवर इंटरनेट व्यवस्थित चालतंय. एकावर फोल्डर शेअर करून ठेवलाय, पण दुसऱ्यावर ‘नेटवर्क’ची खिडकी उघडली तर ती रिकामी. पुढचा प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे. राउटर बंद-चालू करायचा, दोन्ही मशीन रीस्टार्ट करायची, फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी) सरसकट बंद करायची, फोल्डरला ‘एव्हरीवन’ची परवानगी द्यायची आणि शेवटी कंटाळून पेनड्राइव्ह शोधायचा. यातल्या एखाद्या उपायाने काम होऊनही जातं. पण कशाने झालं ते कळलेलं नसतं, त्यामुळे पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

खरी गफलत अशी की दुसरा कॉम्प्युटर दिसणं, त्याच्यापर्यंत पोहोचणं आणि त्यावरचा फोल्डर उघडणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. ती तीन वेगवेगळ्या यंत्रणा करतात आणि त्यातली एक बिघडली तरी बाकीच्या दोन ठणठणीत असू शकतात. ‘नेटवर्क’ची खिडकी त्यातल्या फक्त पहिल्या कामाबद्दल बोलते, आणि तेही खात्रीने नाही.

ही यादी इतकी बेभरवशाची का, याचं उत्तर तिच्या जन्मात आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी एसएमबी या प्रोटोकॉलचा, म्हणजे मशीनच्या आपसांतल्या बोलण्याच्या नियमांचा, पाया घातला. एका मशीनवरची फाइल दुसऱ्या मशीनला आपल्याच डिस्कवर असल्यासारखी वापरता यावी, एवढाच त्याचा हेतू. त्याच सुमाराला, १९८३ मध्ये, आयबीएमच्या छोट्या नेटवर्कसाठी नेटबायोस आलं. त्यात प्रत्येक मशीनला जास्तीत जास्त १५ अक्षरांचं नाव असायचं, आणि ‘या नावाचं कोण आहे?’ हा प्रश्न नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम विचारला जायचा. ज्याचं नाव असेल त्याने उत्तर द्यायचं. कुठलीही मध्यवर्ती वही नाही.

पुढे विंडोजने यावर यादीची सोय केली. नेटवर्कवरची मशीन आपापसांत चक्क निवडणूक घ्यायची, जिंकणारं मशीन ‘मास्टर ब्राउझर’ व्हायचं आणि बाकीचे दर बारा मिनिटांनी त्याच्याकडे हजेरी लावायचे. लागोपाठ तीन हजेऱ्या चुकल्या की नाव यादीतून कमी. पण या यादीच्या नकला दुसऱ्या मशीनवरही असायच्या आणि त्या अधूनमधूनच ताज्या व्हायच्या. त्यामुळे बंद केलेलं मशीन तब्बल ५१ मिनिटांपर्यंत यादीत दिसत राहू शकायचं. उलट नुकतंच सुरू केलेलं मशीन बराच वेळ दिसायचंच नाही. आज ही यंत्रणा मागे पडली आहे, पण ‘थोडा वेळ थांब, आपोआप दिसेल’ हा जो सल्ला अजून ऐकू येतो तो त्याच काळातला.

ती मागे पडण्याचं कारण मात्र गंभीर आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला. तो पसरला एसएमबीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतल्या एका भोकातून. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिलेली होती, पण असंख्य मशीनवर ती बसलेलीच नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १० मधून एसएमबीची पहिली आवृत्ती काढून टाकायला सुरुवात झाली. निवडणुकीची आणि हजेरीची ती जुनी पद्धत या पहिल्या आवृत्तीवरच टेकलेली होती, त्यामुळे तीही गेली. लाखो लोकांच्या ‘नेटवर्क’च्या खिडक्या एका अपडेटनंतर ओस पडल्या त्या यामुळे. जुनं शेअरिंग परत चालू करण्यासाठी ‘एसएमबी १ पुन्हा बसवा’ असं सांगणारे अजूनही भेटतात. तो सल्ला मानू नये.

आता विंडोज दुसऱ्या मशीनचा शोध ‘डब्ल्यूएस-डिस्कव्हरी’ या पद्धतीने घेतं, मॅक आणि बरेचसे लिनक्स ‘एमडीएनएस’ने. म्हणजे एकाच घरात दोन वेगळ्या भाषांत हाका मारल्या जातात. लिनक्सवर एसएमबीचं काम सांबा हा प्रोग्राम करतो. ऑस्ट्रेलियाच्या ॲन्ड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तारेवरून जाणारी माहिती वाचून, तिचा अर्थ लावत ते लिहिलं. पण फाइल देण्यात वाकबगार असलेलं सांबा डब्ल्यूएस-डिस्कव्हरीच्या हाकेला स्वतःहून ओ देत नाही. त्यासाठी वेगळा प्रोग्राम लागतो. तो नसेल तर लिनक्स मशीन विंडोजच्या यादीत येणार नाही, आणि तरीही त्यावरचा फोल्डर बिनबोभाट उघडेल. खुद्द विंडोजमध्येही स्वतःची जाहिरात करणारी ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा आपणहून सुरू व्हायला लावलेली नसते. सर्व्हिसेसमध्ये जाऊन तिला ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’वर ठेवलं की यादीचे निम्मे रुसवे निघतात.

पण यादी दुरुस्त करणं हे शेवटी करायचं काम आहे. आधी ती बाजूलाच ठेवावी. ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ चालवून त्याचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता, बघा. मग दुसऱ्या मशीनवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यापुढे तो ॲड्रेस टाइप करून एंटर दाबा, म्हणजे \\१९२.१६८.१.७ अशा धर्तीवर. फोल्डर दिसले, तर तुमचं शेअरिंग कधीच बिघडलेलं नव्हतं. फक्त नाव शोधण्यात अडचण होती. शॉर्टकट करून ठेवा, राउटरमध्ये त्या मशीनला तोच ॲड्रेस कायमचा राखून ठेवा, आणि यादीचा नाद सोडून दिला तरी चालेल.

फोल्डर दिसले नाहीत, तर मग पोहोचण्याची तपासणी. दोन्ही मशीनचे ॲड्रेस शेजारी शेजारी लिहून काढा. दोन्ही १९२.१६८.१ ने सुरू होत असतील तर ठीक. एकाचा ॲड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून ॲड्रेस मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक घेऊन टाकला आहे. वायर किंवा वायफाय तिथेच तपासा. एक १९२.१६८.१ वाला आणि दुसरा १९२.१६८.० वाला असेल, तर बहुधा घरात दोन राउटर एकामागे एक लागले आहेत: एक इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा आणि एक तुम्ही सिग्नल वाढावा म्हणून आणलेला. इथे एक गमतीदार लक्षण दिसतं. आतल्या राउटरमागचं मशीन बाहेरच्या मशीनपर्यंत पोहोचू शकतं, पण बाहेरच्याला आतलं सापडत नाही. एका बाजूने चालतं आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं कुणी सांगितलं की आधी राउटर मोजावेत. दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकलं, म्हणजे स्वतःचं वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय द्यायला लावलं, की प्रश्न मिटतो. गेस्ट वायफायवर जोडलेल्या मशीनचंही असंच. तिथे पाहुण्यांनी घरातली मशीन बघू नयेत म्हणून राउटर मुद्दामच त्यांना वेगळं पाडतो, मात्र इंटरनेट झकास चालतं. ऑफिसच्या नेटवर्कशी जोडून देणारं व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करून बघा. बरीच व्हीपीएन घरचं नेटवर्क तोडून टाकतात.

ॲड्रेस जुळतात, तरी ‘पिंग’ला, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारणाऱ्या कमांडला, उत्तर नाही? यावरून लगेच निष्कर्ष काढू नका, कारण विंडोजची फायरवॉल अनेकदा पिंगला गप्प बसवते. इथे एक युक्ती कामाला येते. पिंग फसल्यावर लगेच कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एआरपी’ ही कमांड ‘-ए’ जोडून चालवा. पिंग पाठवण्याआधी तुमच्या मशीनला समोरच्याचा हार्डवेअर ॲड्रेस (त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) विचारावा लागतो, आणि हा प्रश्न फायरवॉलच्या खालच्या थरात सुटतो. १९८२ पासून ही पद्धत तशीच आहे. आलेल्या यादीत त्या आयपीसमोर हार्डवेअर ॲड्रेस दिसला, तर समोरचं मशीन जागं आहे, त्याच नेटवर्कवर आहे, फक्त बोलायला तयार नाही. काहीच दिसलं नाही, तर ते झोपलंय, बंद आहे किंवा दुसऱ्याच नेटवर्कवर आहे. ‘स्लीप’मध्ये गेलेल्या लॅपटॉपसाठी फायरवॉलची सेटिंग उलथीपालथी करणाऱ्यांची संख्या कमी नसावी.

जागं असून गप्प असलेल्या मशीनचं कारण बहुतेक वेळा एकच: त्या वायफायला विंडोजने ‘पब्लिक’ म्हणून नोंदवलं आहे. पब्लिक म्हणजे स्टेशनवरचं किंवा हॉटेलमधलं अनोळखी नेटवर्क. तिथे शेअरिंग बंद असणंच योग्य. घरच्या नेटवर्कला सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट’ करा आणि फाइल शेअरिंग चालू करा. फायरवॉल पूर्ण बंद करण्याची गरज नसते. आजची एसएमबी ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारातून, चालते. विंडोजच्या पॉवरशेल या कमांडच्या खिडकीतल्या ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ने तेवढा पोर्ट तपासता येतो. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं की वायर, वायफाय, ॲड्रेस, फायरवॉल हे सगळं एका झटक्यात संशयातून मुक्त.

यानंतर ‘ॲक्सेस डिनाइड’ किंवा ‘पासवर्ड चुकीचा’ असा संदेश आला तर लोक हिरमुसतात. खरं तर ही चांगली बातमी आहे. समोरच्या मशीनने तुमचं म्हणणं ऐकलं, तुमची ओळख तपासली आणि मग नाही म्हटलं. आता नेटवर्कला हात लावायचा नाही.

ओळखीच्या घोळाचं सर्वात मोठं मूळ म्हणजे पिन. रोज चार आकडे किंवा बोट लावून लॉगिन करणाऱ्याला तोच पिन आपला पासवर्ड वाटतो. पण पिन त्या एकाच मशीनपुरता असतो, तो नेटवर्कवरून चालत नाही. तिथे खात्याचा मूळ पासवर्ड लागतो, जो कित्येकांना आठवतच नसतो. आणि ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्या खात्याने विंडोज बाहेरून आत येऊच देत नाही. रिकामा पासवर्ड फक्त त्या मशीनसमोर बसलेल्या माणसासाठी चालतो. यावर ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा’ हा सोपा उपाय सगळीकडे सांगितला जातो. मला तो पटत नाही, आणि नव्या विंडोजलाही तो फारसा पटत नाही. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो मशीन नाव-पासवर्डशिवायच्या पाहुण्या जोडणीला सरळ नकार देतं. त्यापेक्षा फोल्डर असलेल्या मशीनवर फक्त शेअरिंगसाठी एक साधं लोकल खातं उघडावं, त्याला पासवर्ड द्यावा आणि दुसऱ्या मशीनवरून तेच नाव-पासवर्ड वापरावेत. पूर्वी दिलेला चुकीचा पासवर्ड विंडोज जपून ठेवतं आणि परस्पर तोच पुढे करत राहतं. तेव्हा क्रेडेन्शियल मॅनेजरमधली, म्हणजे विंडोजच्या जपलेल्या पासवर्डांच्या यादीतली, जुनी नोंद आधी पुसा. मॅकवर शेअरिंगच्या पर्यायांत त्या खात्यापुढे वेगळी खूण करावी लागते, आणि सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डहून निराळा असतो. तो ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ (smbpasswd) कमांडने स्वतंत्र द्यावा लागतो.

ओळख पटूनही एखादा फोल्डर उघडत नसेल, तर विंडोजमध्ये परवानग्या दोन ठिकाणी असतात हे आठवा: एक शेअरची, एक डिस्कवरच्या फोल्डरची. फाटक सताड उघडं असलं तरी घराच्या दाराला कुलूप असेल तर आत जाता येत नाही, तसंच इथे. दोन्हींपैकी जी कडक असेल ती लागू होते. ‘शेअरिंग’च्या टॅबमध्ये ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ देऊनही लिहिता येत नाही, याचं कारण शेजारच्याच ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये सापडतं.

सगळं जुळलं, फाइल उतरायला लागली, पण वेग कूर्मगतीचा. हजारो बारीक फाइल असतील तर त्या सावकाशच जाणार, कारण प्रत्येक फाइलसाठी वेगळी विचारपूस होते. त्यांची एक झिप करून पाठवावी. एकच मोठी फाइल वायरवरूनही सेकंदाला ११ मेगाबाइटच्या आसपास अडकून पडत असेल, तर ते १०० मेगाबिटच्या जोडणीचं लक्षण आहे. गिगाबिटवर तोच आकडा ११० च्या जवळ जायला हवा. केबलमध्ये आठ तारा असतात आणि गिगाबिटला आठही लागतात, १०० मेगाबिटला चारच. उरलेल्या चारांपैकी एखादी तार तुटली तर दोन्ही मशीन बहुधा तक्रार न करता कमी वेगावर जुळवून घेतात, आणि इंटरनेट वापरताना ते जाणवतही नाही. केबल बदलून बघा.