इंग्रजी लेखन-अभ्यासक्रमातून पर्यावरणभान

इंग्रजी लेखनाच्या वर्गात पर्यावरण हाच वाचनाचा आणि लिहिण्याचा विषय ठेवून भाषा व पर्यावरणाची जाण एकत्र वाढवणारी अध्यापनपद्धती. भाषा सुटी न शिकवता एखाद्या विषयाच्या अंगाने शिकवावी, हे विषयाधारित भाषाशिक्षणाचे तत्त्व तिच्या मुळाशी आहे. युनेस्कोने १९७७ साली जॉर्जियातील तिबिलिसी येथे भरवलेल्या परिषदेने पर्यावरणशिक्षण आंतरविद्याशाखीय, म्हणजे अनेक विषयांना जोडणारे, असावे असे सांगितल्यामुळे भाषेच्या शिक्षकांनाही त्यात आपली जागा दिसली.

निबंधाला ‘प्रदूषण’ हा विषय दिला की हे काम झाले, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. त्यातून ‘आपण झाडे लावली पाहिजेत’ अशी पाठ केलेली वाक्येच कागदावर येतात. या पद्धतीचे खरे बळ वाक्यरचनेच्या पातळीवर आहे. ‘द ट्रीज वेअर कट डाउन’ हे कर्मणी वाक्य घ्या. व्याकरण अचूक, पण झाडे कोणी तोडली ते त्यात नाही. कर्ता शोधून वाक्य पुन्हा लिहायला सांगितले की विद्यार्थ्याला माहिती काढावीच लागते, आणि कर्मणी प्रयोगाचा धडाही कायमचा लक्षात राहतो. भाषावैज्ञानिक मायकेल हॅलिडे यांनी १९९० साली ग्रीसमधील थेसालोनिकी येथील व्याख्यानात अशाच गोष्टींकडे लक्ष वेधले होते. पाणी, माती, तेल यांची इंग्रजी नामे अगणनीय, म्हणजे एक-दोन असे न मोजता येणारी, आहेत, जणू हे साठे कधी संपणारच नाहीत. इंग्रजी सर्वनामेही तशीच: माणसासाठी ‘ही’ (he) आणि ‘शी’ (she), तर उरलेल्या बहुतेक सृष्टीसाठी ‘इट’ (it).

निरीक्षणाची टिपणवही, वर्णन, आकडेवारीवरून अहवाल आणि युक्तिवादपर निबंध हे लेखनप्रकार प्रामुख्याने वापरतात. टिपणवही सर्वांत उपयोगी, कारण एकच ओढा महिनाभर पाहणाऱ्याला ‘डर्टी वॉटर’ हे शब्द अपुरे पडू लागतात. फेस, तवंग, गाळ, वास यांसाठी नेमके शब्द तो स्वतःहून शोधतो.

मूल्यमापन हा यातला नाजूक भाग. शिक्षकाला आवडेल तेच मत लिहिण्याकडे विद्यार्थ्यांचा कल होतो, म्हणून गुण मताला न देता पुराव्याला आणि मांडणीला द्यावे लागतात. धरणाच्या बाजूने नीट लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळायला हवेत. लेखन एखाद्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्राच्या रूपात असेल आणि ते पत्र खरोखरच पाठवायचे असेल, तर पुनर्लेखन अधिक मनापासून होते, कारण ते वाचणारा अधिकारी पहिल्यांदा कुठे, केव्हा आणि किती हेच विचारणार असतो.