गोळ्याचा रंग आणि कोपरातली खाज

गिरगाव चौपाटीवर पोराने काला खट्टा गोळा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी कोपराच्या घडीत लाल, खाजरे चट्टे उठले, की घरचा निकाल ठरलेला: रंग बाधला. बाधला असेलही. पण त्या संध्याकाळी घाम होता, वाळू होती, रात्री झोपही उशिरा झाली. शिवाय इसब (एक्झिमा) काहीही न खाता उसळतो आणि आपसूक बसतोही.

त्याचं मूळ बरेचदा त्वचेतच असतं. फिलॅग्रिन हे प्रथिन त्वचेचा वरचा थर घट्ट राखतं. त्याच्या जनुकातल्या दोषाचा इसबाशी संबंध २००६ मध्ये दिसून आला. थर कच्चा असला की ओलावा उडतो आणि घाम, साबण, धूळ त्वचेला चिडवतात. मुंबईचा ऑक्टोबर तर यासाठीच जन्मलेला!

मग खाण्यातले रंग आणि प्रिझर्व्हेटिव्ह अगदीच निर्दोष? तसंही नाही. सॉसची बाटली किंवा सरबताचं पाकीट उलटं करून त्यावरचे आकडे बघा: १०२ म्हणजे टार्ट्राझिन, ११० सनसेट यलो, हे रंग; २११ सोडियम बेंझोएट, २२० सल्फर डायऑक्साइड, हे प्रिझर्व्हेटिव्ह. काही थोड्या रुग्णांचा इसब अशा पदार्थांनी बळावतो. मात्र ही सहसा नेहमीची अ‍ॅलर्जी नसते. त्यामुळे रक्ततपासणीत काही सापडत नाही, आणि त्रास कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतो. संशय चुकीच्या पदार्थावर जातो तो इथेच. चायनीज भेळेच्या गाडीवर तर लेबलच नाही. आणि 'घरचं तेवढं निर्धोक' हेही खरं नाही. २११ ज्याचा क्षार आहे, ते बेंझोइक आम्ल दालचिनीत निसर्गतःच असतं.

खात्री करायची तर डॉक्टरांना विचारून संशयित पदार्थ चारेक आठवडे बंद ठेवायचा, मग पुन्हा द्यायचा. बंद केल्यावर बरं वाटलं एवढ्याने काही ठरत नाही. परत दिल्यावर चट्टे उठतात का, हे बघायचं. लोक पथ्य आणि नवं मलम एकाच सोमवारी सुरू करतात आणि श्रेय पथ्याला देतात! त्या काळात मलम, मॉइश्चरायझर, साबण काहीच बदलू नये. सर्वांत भरवशाची चाचणी म्हणजे रुग्णाला आणि डॉक्टरांनाही कळू न देता कधी संशयित पदार्थ भरलेली, कधी तो नसलेली कॅप्सूल देणं.

रंगीत गोळा बंद केल्याने कुणाचं नुकसान नाही. दूध, अंडी, गहू मात्र मुलांचे परस्पर तोडू नयेत. वाढ खुंटू शकते, आणि बरेच दिवस तोडलेला पदार्थ पुन्हा दिल्यावर काही मुलांना तीव्र अ‍ॅलर्जी झाल्याचीही नोंद आहे.