जुन्या छापील पुस्तकातलं अवतरण पाठवताय? साल, पान आणि मजकूर एकाच प्रतीतून घ्या

आमच्याकडे येणारं काम साधारण असं असतं. तुम्ही शब्द पाठवता, सोबत एखाद्या जुन्या पुस्तकातलं वाक्य पाठवता, आम्ही ते टाइप करतो, मूळ पानाशी ताडून बघतो आणि संदर्भासकट तुमच्या ऑनलाइन कोशात त्या नोंदीखाली चढवतो. आणि मग फोन येतो की वाक्य दिलंय, पुस्तकाचं नाव दिलंय, साल पण दिलंय, मग अडलंय कुठे? हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदा लिहूनच काढलं.

अडतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. वाक्य हातातल्या पुस्तकातून घेतलेलं असतं, पान नंबर त्याचाच असतो, पण साल मात्र इंटरनेटवर शोधून पहिल्या आवृत्तीचं टाकलेलं असतं. ग्राहकाला वाटतं पुस्तक तर तेच आहे ना. पण कोशासाठी ते तेच नसतं.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचंच घ्या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. पहिली आवृत्ती १८३१ ची, साधारण ४०,००० शब्दांची. दुसरी १८५७ ची, साधारण ६०,००० शब्दांची. आज बहुतेकांच्या घरी असतं ते १९७५ चं पुण्याचं पुनर्मुद्रण किंवा नेटवर दिसते ती १८५७ चीच आवृत्ती, आणि खाली साल येतं १८३१! म्हणजे जे हजारो शब्द १८५७ मध्ये नव्याने आले त्यातला एखादा तुम्ही उचललात तर तो एका फटक्यात २६ वर्षं मागे जातो. वाचणारा सर्वात जुनं अवतरण बघून ठरवतो की हा शब्द निदान या सालापासून छापात आहे, तो पुढे लेखात लिहितो, दुसरा त्याच्यावरून उचलतो, आणि चुकीचं साल पसरलं की ते परत गोळा करता येत नाही. म्हणून आम्ही हट्ट धरतो.

तुकारामांच्या गाथेचं तर विचारूच नका. इंदुप्रकाश छापखान्यात छापलेली, विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडितांनी तपासलेली गाथा १८६९ पासून निघाली, तिचे अभंग क्रमांक आणि तुमच्या देवघरातल्या गाथेचे क्रमांक जुळतीलच असं नाही. नुसतं 'तुगा' (तुकाराम गाथा) आणि पुढे एक नंबर एवढंच आलं तर आम्हाला चारपाच गाथा उघडून बसावं लागतं, आणि त्या वेळाचे पैसे तुम्हालाच पडतात, ते आम्हालाही बरं वाटत नाही.

गोव्याच्या मंडळींकडून क्रिस्तपुराणाच्या, म्हणजे फादर स्टीफन्सच्या जुन्या मराठी काव्याच्या, ओव्या येतात, देवनागरीत, आणि खाली १६१६, रायतूर (गोव्यातलं गाव). काव्य तेव्हाचंच आणि तेव्हा ते छापलंही गेलं, हे खरं, पण छापलं रोमन लिपीत, आणि त्या छपाईची एकही प्रत आज कोणाला माहीत नाही. तुमच्या हातात जी ओवी आहे ती हस्तलिखितांवरून नंतर छापलेल्या आवृत्तीतली आहे, मंगळूरची १९०७ ची रोमन किंवा १९५६ ची देवनागरी वगैरे. अशा वेळी आम्ही दोन सालं लिहितो, रचना १६१६ आणि छापील प्रत अमुक. एकच साल लिहा म्हणून काही ग्राहक आग्रह करतात, कारण नोंद सुटसुटीत दिसते. नोंद थोडी लांबली तरी चालेल, पण न पाहिलेल्या छपाईचं साल आम्ही एकटं टाकणार नाही.

तर आम्हाला काय हवं असतं? वाक्याच्या पूर्ण पानाचा फोटो, नुसत्या ओळीचा नाही, पान नंबर दिसला पाहिजे. आणि त्याच प्रतीच्या आतल्या मुखपृष्ठाचा फोटो, पुढून आणि मागून, जिथे छापखाना, गाव, साल, आवृत्ती असते ते. ग्रंथालयात जुन्या पुस्तकांचं बांधणीत काय होतं, तीनचार छोटी पुस्तकं एकाच पुठ्ठ्यात बांधलेली असतात, मग घाईत पहिल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि तिसऱ्या पुस्तकातलं वाक्य असं येतं, तेवढं जरा बघा. मुखपृष्ठ फाटलेलं असेल तर 'मुखपृष्ठ नाही' असं सरळ लिहा, ग्रंथालयाच्या शिक्क्यावरचं किंवा कोणी पेन्सिलीने लिहिलेलं साल छपाईचं म्हणून देऊ नका. खूप जुन्या पुस्तकांत छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण नसलं तर तुमची चूक नाही, आम्ही शं. ग. दात्यांची १८०० ते १९३७ च्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची काढून शोधतो, ते आमच्या कामातच धरलेलं आहे.

साल शकात असेल तर शकच पाठवा, तुम्ही ७८ मिळवून इसवी करत बसू नका. शक चैत्रात बदलतो, त्यामुळे शके १७७९ म्हणजे १८५७-५८, महिना कळला तरच एक साल ठरतं. आम्ही दोन्ही लिहितो.

स्कॅन फाइलमधून घेत असाल तर स्क्रीनवर दिसणारा नंबर हा फाइलचा असतो, छापलेला पान नंबर वेगळा, प्रस्तावनेची आणि कोरी पानं धरून दहावीसचा फरक सहज पडतो. आणि पोथीच्या आकारात छापलेलं असेल तर एका नंबरात पानाच्या दोन बाजू येतात, पुढची की मागची तेही लिहा.

आता शुद्धलेखनाबद्दल, कारण यावरूनही तक्रार येते. ग्राहक विचारतात, आमच्या कोशात तुम्ही 'करावें', 'घरांत', 'तें' असं का ठेवलं, सुधारत का नाही? कारण ते चुकीचं नाहीच. उच्चार न होणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, त्याआधी ते लिहायचीच पद्धत होती. नोंदीचा शब्द आम्ही आजच्या लेखनात ठेवतो म्हणजे शोधताना सापडतो, पण अवतरण जसं छापलंय तसंच जातं, उघड छपाईची चूक असली तरी तशीच, बाजूला खूण करून. मोडीत छापलेलं असेल, उदाहरणार्थ विल्यम केरीचा १८१० चा, बंगालमधल्या श्रीरामपूरचा मराठी कोश, तर देवनागरीत आणून तसं नमूद करतो. फोटोतून आपोआप मजकूर काढणारी ॲप्स आम्हीपण वापरतो, पण जुन्या खिळ्यांची (छपाईच्या टाइपांची) आणि शिळाछापाची जोडाक्षरं त्यांना धड वाचता येत नाहीत आणि अनुस्वार तर हमखास गळतात, म्हणून प्रत्येक ओळ माणूस वाचतो, मग दुसरा माणूस पानाशी ताडतो. दुसरीकडे यापेक्षा स्वस्तात होईल, होतंच, पण तिथे ही दुसरी नजर आहे का एवढं विचारून घ्या.

दोन्ही फोटो सोबत असले तर काम आलेल्या क्रमाने लगेच लागतं आणि शोधाशोधीचा वेगळा आकार लागत नाही. आधी चढवून झालेल्या कोशात सालांची शंका असेल तर तीही यादी पाठवा, पहिली पाच अवतरणं आम्ही बिनपैशाने तपासून देतो, त्यावरून पुढचं करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पुस्तक नाजूक असेल तर फोटोसाठी ते पूर्ण उलगडून दाबू नका, अर्धं उघडून एकेक पान घेतलं तरी आम्हाला चालतं.